पिकलेला पंख

विश्वनाथ पांढरीपांडे यांनी उभ्या हयातीत कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय घरात आणली नाही. माठ काय, सगळेच वाजवून घेतात. पण ते पाट वाजवत, पोळपाट वाजवत, कपाटाची फळी वाजवत. आणि त्यांच्या मुलीला, नीलाला, बघायला आलेल्या एका मुलाच्या पाठीवर त्यांनी ज्या तऱ्हेनं थाप मारली होती, ती पाहून त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी आत स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला होता. "पोकळ आहे," असं ते पाहुणे गेल्यावर म्हणाले, आणि ते लग्न काही ठरलं नाही.

दोष त्यांचा नव्हता, नोकरीचा होता. रेल्वेत ते कॅरेज एक्झामिनर होते. नागपूर स्टेशनात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन ते फलाटाच्या उलट्या अंगानं चालू लागत आणि एकेक चाक वाजवत जात. खणखणलं की पुढचं. दबकं बोललं की तडा. एकतीस वर्षं हेच केलं. नीला लहान असताना ते तिला सांगत, "चांगली वस्तू विचारलं की बोलते. मूग गिळून बसली की समजावं, आत काहीतरी आहे."

एका टरबुजापुढे मात्र हा कान हरत असे. टरबुजाचा कायदा उलटा. खणखणलं ते कच्चं आणि दबकं बोललं ते पिकलेलं. चंद्रभान भोयर नावाचा नागपूरजवळच्या बेसा गावचा एक शेतकरी त्यांचा दोस्त होता. त्याच्या सासऱ्याची कन्हान नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी होती. दर उन्हाळ्यात चंद्रभान दोन टरबुजं त्यांच्यापुढे ठेवायचा, विश्वनाथराव दोन्ही वाजवायचे आणि न चुकता खणखणीत ते उचलायचे. कापलं की आत फिक्कट, पांढुरकं. मग मीठ लावून ते सगळं एकटे खायचे आणि म्हणायचे, "गोड आहे."

"साहेब," चंद्रभान म्हणायचा, "तुमचा कान रेल्वेत गेला जी."

या दोघांची दोस्ती आकाशातली होती. बेश्याच्या पुढे, तुरीच्या शेतांना लागून एक लांबलचक माळ होता, त्यावर पत्र्याची एक शेड, आणि तेवढ्यावर नागपुरातल्या बारा-पंधरा लोकांचा ग्लायडिंगचा क्लब चालत असे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. माळाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या ट्रकच्या इंजिनाचा विंच बसवलेला. तो पोलादी तार गुंडाळत ग्लायडरला ओढी, पतंगासारखं वर चढवी, आणि हजारएक फुटांवर तार सुटली की पुढे ज्याची त्याची अक्कल आणि उन्हानं तापलेली हवा. विंच चंद्रभान चालवायचा. शिकवायचे विश्वनाथराव, तेही फुकट. तरुणपणी रजा काढून पुण्याला जाऊन ते ही विद्या शिकून आले होते. क्लबकडे ग्लायडर एकच, दोन सीटचं, अवजड. त्याला सगळे 'म्हैस' म्हणत. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा.

नीला एकोणिसाव्या वर्षी म्हशीच्या पुढच्या सीटवर बसली तेव्हापासून आकाश म्हणजे तिच्यासाठी पाठीमागून येणारा आवाज होता. "घाई नाही," बाबा मागून म्हणत. वळताना, चढताना, उतरताना, एवढंच. पुढे ती एकटी उडू लागली, परवाना मिळाला, कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली, पस्तिशी आली. तरी रविवारचा निम्मा वेळ तो आवाज मागे असेच.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत बाबा गेले.

एप्रिलात ती एकदा माळावर गेली. एकट्यानं उडायचं तर मागच्या सीटचे पट्टे आवळून बांधावे लागतात. मोकळा पट्टा मागच्या सुकाणूच्या दांड्यात अडकला तर खेळ खलास. तिनं बांधले. दोन खांद्यावरून, दोन कमरेवरून, मध्ये बक्कल. बांधून झाल्यावर तिथे कुणीतरी बसून नुकतंच उठून गेल्यासारखं दिसू लागलं. "डोकं दुखतंय," असं सांगून ती सायकल घेऊन घरी आली, आणि नंतर माळावर गेली ती फक्त उड्डाणांची वही लिहायला.

तिच्या परवान्याची मुदत एकोणऐंशीच्या मार्चअखेर संपत होती. तोवर उडाली नाही तर पुन्हा पहिल्या धड्यापासून, आणि पाठीमागे कुणीतरी परका. ते ती करणार नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हशीत बसणार नव्हती, हेही. राहिलं होतं ते एकच. एक सीट असलेलं ग्लायडर, ज्यात मागे कुणी नसतं आणि कुणाची जागाही नसते.

आणि हे जणू आधीच कळल्यासारखं बाबांनी एक चिठ्ठी लिहून ठेवली होती. फंडातले चौदा हजार क्लबला, आणि खाली तीन ओळी: 'एका सीटच्या ग्लायडरसाठी. निवड नीला करेल. वाजवून घ्यावं.'

क्लबनं त्यात दोन हजार घातले. सोळा हजारांत नवं ग्लायडर सोडा, नव्याचं शेपूटही येत नव्हतं. क्लबचे सेक्रेटरी मनोहरराव वकील. त्यांनी चार गावी पत्रं घातली. वर्ष गेलं. अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत दोन जुनी ग्लायडरं समोर आली. एक भोपाळकडे होतं. दुसरं धंतोलीत, एका दवाखान्याच्या मागे.

धंतोली ऐकल्यावर नीलानं आधी भोपाळचीच चौकशी केली. बाबांनी शेवटचे चाळीस दिवस तिथल्याच एका इस्पितळात काढले होते, आणि वर्षभर ती त्या रस्त्यानं गेली नव्हती. बर्डीवरून घरी जायला तोच जवळचा रस्ता असूनही.

गेली एका रविवारी सकाळी. ग्लायडर ज्यांचं होतं त्या डॉक्टरांच्या विधवा पत्नी यमुताई फाटकातच उभ्या होत्या. दवाखाना आता त्यांचा पुतण्या चालवत असे. मागच्या अंगणात पंचवीस फूट लांब लाकडी पेटी चाकांवर उभी होती, आणि तिच्यावर चार लुगडी, दोन धोतरं वाळत होती. कडेला पेशंटचे नातेवाईक शिदोऱ्या सोडून बसले होते.

"सहा वर्षं झाली डॉक्टरांना जाऊन," यमुताई म्हणाल्या. "घेतलं तेव्हा म्हणाले होते, पेशंट कमी झाले की उडवीन. पेशंट काही कमी झाले नाहीत, बाई."

नीलानं लुगडी घडी करून बाजूला ठेवायला सुरुवात केली, तशी यवतमाळकडची एक म्हातारी पुढे आली. "काहून वं, आमचे कपडे काढून राहिली?"

"पेटी उघडायची आहे, आजी."

"कायची हाय एवढी लांब?"

"विमान आहे आत."

म्हातारीनं पेटीला एक फेरी घातली. "अन् इंजिन कुठी हाय?"

"इंजिन नाही त्याला."

"मंग चांगलं हाय," म्हातारी आपलं लुगडं उचलून म्हणाली. "नाही त मंग बिघडन काय!"

पेटी उघडली. पंख सुटे करून आडवे ठेवलेले, मधे धड, सगळ्यावर बोटभर धूळ. पंखांवरचं कापड जागोजागी फाटलेलं, उरलेलं जुन्या कॅलेंडरसारखं पिवळं. बसायच्या जागी उंदरांनी संसार थाटला होता. डॉक्टरांच्या औषधांच्या चिठ्ठ्या कुरतडून त्यांनी मऊ गादी केली होती. नीलानं हात पुसले आणि धडाच्या लाकडावर बोटाचा सांधा वाजवला.

ते बोललं. स्वच्छ, कोरडं. ती हात-दीड हात सरकली, पुन्हा वाजवलं. पंखाचं पुढचं अंग, जिथे पातळ प्लायवूड आतल्या तुळईला सरसानं चिकटवलेलं असतं, ते तिनं मुळापासून टोकापर्यंत वाजवत नेलं. वरून, मग वाकून खालून. कुठेही आवाज बसला नाही. नागपूरची सहा वर्षांची उन्हं खाऊन लाकूड खडखडीत झालं होतं.

वाजवता वाजवता तिचा हात थांबला. इथून तिसऱ्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तरुण डॉक्टरनं बाबांना उठवून बसवलं होतं आणि पाठीवर एक हात पालथा ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत तो वरून खाली आला होता. वर खण्ण, खण्ण. खाली दबकं. डॉक्टर काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले होते, "डाव्या बाजूला, डॉक्टर. कळलं मला." आणि नीलाकडे बघून ओशाळल्यासारखे हसले होते, जणू आपल्या खात्यातली चूक आपल्याआधी दुसऱ्यानं धरली.

"काय झालं? बिघडलंय?" यमुताईंनी विचारलं.

"नाही. लाकूड उत्तम आहे. बाकीचं सगळं करावं लागेल." सगळं कापड काढून नवं, तारा नव्या, उंदरांची हकालपट्टी. रविवारी रविवारी केलं तर वर्ष. म्हणजे मार्चच्या आत होईल किंवा नाही होणार. "कळवते आठवड्याभरात," ती म्हणाली, आणि म्हातारीचं लुगडं तिनं पुन्हा होतं तसं पसरून ठेवलं.

भोपाळचं ग्लायडर पुढच्या रविवारी बेश्याला आलं, आणि सगळा क्लब ते बघून हरखला. पांढरंशुभ्र, नाकापासून शेपटीपर्यंत नारिंगी पट्टा, काच अशी लख्ख की तीत तोंड पाहून भांग पाडावा. मालक मधुसूदन शेंडे स्वतः जीपमागे ओढत घेऊन आला होता. चाळिशीचा, मितभाषी. मुलीच्या शिक्षणासाठी विकतोय, म्हणाला, आणि सोळा हजार मागितले. घासाघीस नाही.

"सोळा म्हणजे सोळाच! आपल्या पैशानं जणू त्याच्या घरी निरोप धाडला होता," मनोहरराव हात चोळत म्हणाले. "नीलाताई, पाहून घ्या. नवरी कशी नटून उभी आहे! कागद मी पाहिले, एकदम चोख. पुढच्या रविवारी तुम्ही वर."

"सरकारी तपासणी?"

"ती होईल न! पण तो माणूस मुंबईहून येणार दोन महिन्यांनी, अन् हे आज संध्याकाळी परत निघाले. दुसरा एक क्लब पाहूनच राहिला आहे म्हणतात."

पंख जोडून ग्लायडर उभं केलं होतं. एकच चाक, त्यामुळे ते नेहमी एका अंगाला कलतं. डावा पंख जमिनीला टेकलेला, उजवा वर. नीलानं वाजवायला सुरुवात केली. मनोहरराव आणि मधुसूदन हात मागे बांधून तिच्यामागून चालत होते. धड बोललं. उजवा पंख वरून बोलला, खालून बोलला. डावा वरून बोलला. डाव्याच्या खाली वाजवायचं तर उन्हात गुडघ्यावर रांगत जावं लागलं असतं.

ती उभीच राहिली. आत एक सीट होती. निळ्या कापडाची, एकाच माणसापुरती, आणि मागे लगेच लाकडाची भिंत. ती बसून आली. पाय नीट पोचत होते. दांडा हातात आला तसा वर्षभर आखडलेला तिचा खांदा आपसूक सैल झाला. पुढचा रविवार. सात दिवस. धंतोलीतली ती धूळ, ते उंदीर, ते वर्षभराचं काम, सगळं एकदम फार लांब आणि फार म्हातारं वाटू लागलं.

"कसं काय?" मनोहररावांनी विचारलं.

"छान आहे," नीला म्हणाली, आणि ते खरंच होतं.

"मग लिहायचा चेक?"

चंद्रभान सकाळपासून विंचवर होता. दुपारी भाकर खाऊन, माळावर दुसरी सावली नाही म्हणून, तो त्या टेकलेल्या डाव्या पंखाखाली डोक्याला फडकं घेऊन आडवा झाला होता. मघाशी सगळी मंडळी वाजवत फिरली ते त्यानं ऐकलं होतं, आणि पडल्या पडल्या त्याचाही हात वर गेला होता. पंखाखालून टक टक येऊ लागलं. मनोहररावांनी खिशातून पेन काढलं.

"ताई," खालून आवाज आला, "माल चांगला हाय बरं! इथी त मस्त पिकला हाय."

मनोहरराव हसले. "ऐका! शेतकऱ्याचं सर्टिफिकेटही मिळालं. काय पिकलं गा, चंद्रभान?"

"हा पंख जी. बाकीचा सारा कच्चाच वाजून राहिला. हा एवढा तुकडा, हातभर," टक टक, "अस्सल पिकला."

मनोहररावांनी चेकबुक मांडीवर उघडलं. नीला मात्र तिथल्या तिथे गुडघ्यावर बसली आणि ढेकळांतून रांगत पंखाखाली गेली. ओढणी मागे चाकात अडकून राहिली.

"कुठे?"

"हे पाहा न." चंद्रभान कौतुकानं सरकला. त्याला वाटलं ताईला आपला माल दाखवतोय. त्यानं काळ्या खरबरीत बोटांनी वाजवलं. टण, टण, टण, आणि मग, धडापासून दोनेक हातांवर, बद्द.

नीलानं स्वतः वाजवलं. बद्द. चार बोटं पुढे, बद्द. तिला खालून वाजवायचं सुचलं नव्हतं असं नाही. ऐकायचं नव्हतं, एवढंच.

"चंद्रभान भाऊ," ती हळूच म्हणाली, "हे टरबूज नाही हो."

चंद्रभान तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. अठरा वर्षं ज्या माणसाशी या एका गोष्टीवरून भांडलो, त्याचा कायदा त्याला आठवला आणि त्यानं जीभ चावली. "अरे बापा. साहेबाचं उलटं हाय नाही का."

"मधुसूदनजी, खाली येता का जरा?"

मधुसूदन आला. त्यानं वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. मग खिशातला चाकू काढून त्यानं विचारलं, "कापू?"

"तुमचं ग्लायडर आहे."

त्यानं रंगावर तीन रेघा मारल्या आणि प्लायवूडची पातळ पट्टी उचलली. ती दुधावरच्या सायीसारखी अलगद सुटली. आत सरस नव्हताच म्हणायचा; पांढरी भुकटी होती, पिठीसारखी, ती झरझर त्याच्या मनगटावर सांडली. ओल लागून सरस मेला होता, आणि वर त्यानं स्वतःच्या हातानं नवा पांढरा रंग दिला होता.

"गोठ्याला लागून शेड होती," तो म्हणाला. "पावसाळ्यात पंख या कडेवर उभे ठेवत होतो." आणि मग, मनगटावरची भुकटी बघत, "परवाच्या मंगळवारी मी यात दीड तास वर होतो."

मनोहररावांनी चेकबुक मिटलं. मधुसूदन पंखाखालून बाहेर आला, भुकटी झटकली आणि खिशातली सिगारेटची पाकिटं चाचपून एक अख्खं पाकीट चंद्रभानच्या हातात ठेवलं.

"मी विडी पितो जी," चंद्रभान संकोचून म्हणाला.

"असू द्या."

संध्याकाळी जीप निघून गेली. मनोहरराव कायद्यानं बोलले, त्यांना तेच येत होतं. "म्हणजे नीलाताई, आता धंतोली. पण ते मार्चच्या आत उभं राहील का? नाहीतर तुमचा परवाना..."

"माहीत आहे," नीला म्हणाली. "लाकूड बोलतं त्याचं."

यमुताईंनी आठ हजारच घेतले. पेटी हलली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पेशंट लुगडी कुठे वाळवतील?" आणि पदर डोळ्याला लावायच्या ऐवजी फाटक जरा जास्तच जोरात लावलं.

बेश्याच्या शेडमध्ये पेटी आली त्या दिवशी चंद्रभाननं धडावर एकदा बोट मारलं. खण्ण. "हे त साफ कच्चं हाय," तो म्हणाला, आणि ग्लायडरचं नाव त्या दिवसापासून 'कच्चं' पडलं. आधीच म्हैस होती, तिच्या शेजारी कच्चं.

पुढचे रविवार एकसारखे गेले. पिवळं कापड सोलून काढलं, लाकूड घासलं, एकेक सांधा पुन्हा वाजवला. उंदरांची गादी काढताना डॉक्टरांच्या अक्षरात 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर' असा एक तुकडा निघाला, तो मनोहररावांनी दारावर खिळ्यानं ठोकून ठेवला. नव्या कापडाच्या खोळी सुभद्राबाईंनी शिवल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी शिवणयंत्राचं झाकण उघडलं नव्हतं. कापड ओसरीपासून फाटकापर्यंत गेलं आणि तिथून वळून परत आलं.

"उशीचा अभ्रा तर आहे," त्या पाय चालवत म्हणाल्या. "पण एवढ्या उशीवर झोपणार कोण, ते तेवढं सांग."

"मीच."

"तरी म्हटलं."

खोळी पंखांवर चढवल्या, वर डोपचे हात दिले. डोप म्हणजे कापड ताणून धरणारं उग्र वासाचं लुकण. रविवारी रात्री नीलाच्या केसांना त्याचा वास येई आणि सोमवारी वाचनालयात मुलं नाकं वाकडी करत. कापड सुकत गेलं तसं ताणलं, आणि एके दिवशी बोट लावताच डग्ग्यासारखं घुमलं. जानेवारीत मुंबईचा तपासनीस आला. त्यानं खिशातून चार आण्याचं नाणं काढून दोन्ही पंख खालून-वरून वाजवले, आणि सही केली. वाजवताना चंद्रभान त्याच्यामागून रांगत होता. "आता मले दोन्ही कायदे येते," तो नंतर सगळ्यांना सांगत होता.

मार्चचा तिसरा रविवार. साडेअकराला ऊन माळावर चढलं, लांबवर शेतं थरथरू लागली. नीला आत बसली. पट्टे आवळले, स्वतःचे. दुसरे नव्हतेच. डोक्यामागे तळहाताच्या अंतरावर प्लायवूडची भिंत होती. तिनं हात मागे वळवून सांध्यानं ती वाजवली. भिंत बोलली. मनोहररावांनी पंखाचं टोक उचलून धरलं आणि बावटा फिरवला. अर्ध्या मैलावर चंद्रभानचं इंजिन गुरगुरलं, तार ताणली, आणि जमीन खाली निघून गेली.

तार सुटल्यावर शांतता झाली. वारा तेवढा कापडावरून वाहत होता. ती थोडी चुकत-माकत होती; वर्षं दोन झाली होती. बेश्याच्या कौलांवरून गेली, नांगरून टाकलेल्या काळ्या शेताकडे वळली, आणि तिथे दोन घारी संथ घिरट्या घालत वर चालल्या होत्या. तिनं त्यांच्यात शिरकाव केला. एक पंख उचलला गेला. चढ-उतार दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळाचा काटा शून्यावरून हलला, वर आला, थरथरला. ती घाईनं वळणार एवढ्यात कुणीतरी म्हणालं, "घाई नाही."

तिचाच आवाज होता तो. ती हसली, वळण सैल केलं, आणि घारींच्या मागे मागे वर गेली. उत्तरेला कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ रेघेसारखा उभा होता, अंबाझरी तलावाचं पाणी नाण्याएवढं, आणि मध्ये कुठेतरी, रुळांच्या जाळ्यात, नागपूर स्टेशन. मागे वळून बघावं असं तिला एकदाही वाटलं नाही. मागे लाकूड होतं, चांगलं लाकूड.

पन्नास मिनिटांनी ती उतरली. सगळे पळत आले. मनोहरराव काहीतरी भाषणासारखं बोलले, ते वाऱ्यात गेलं. सुभद्राबाई शेडच्या सावलीत घरून आणलेल्या सतरंजीवर बसल्या होत्या; त्यांनी लेकीकडे वर-खाली एकदा नीट पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

चंद्रभान विंचवरून चालत आला. दोन्ही काखांत दोन टरबुजं. हंगामातली पहिली.

"घ्या ताई. साहेबाची रीत हाय. एक निवडा."

नीलानं पहिलं वाजवलं. बद्द. दुसरं वाजवलं. खण्ण.

"हे."

"ताई, पुन्हा एकडाव पाहा न," चंद्रभान काकुळतीनं म्हणाला. "आता त तुमाले दोन्ही कायदे माहीत हाये."

"माहीत आहेत. हेच."

त्यानं सुस्कारा सोडला आणि कापलं. आत फिक्कट, पांढुरकं, बियासुद्धा कच्च्या. मनोहररावांनी सभ्यपणे दुसऱ्या टरबुजाकडे बघितलं.

सुभद्राबाईंनी पिशवीत हात घातला आणि मिठाची पुडी काढली. घरून निघतानाच बांधून आणली होती.